खतामागचा हिशेब : दामदुपटीपासून पासबुकापर्यंत

कर्जाचा इतिहास सांगताना बहुधा व्याजाच्या दरापाशीच थांबले जाते. परंतु अडचणीत सापडलेल्या माणसाचे देणे फुगते ते केवळ दरामुळे नव्हे. रक्कम हाती पडण्यापूर्वीच कापून घेतलेला वाटा, थकलेल्या व्याजाचे परस्पर झालेले मुद्दल, वहीत न चढलेला भरणा, न मिळालेली पावती आणि वसुलीसाठी आलेल्या माणसाचा कर्जदाराच्याच माथी मारलेला खर्च, अशा लहानमोठ्या आकारण्यांनी ते वाढत जाते, आणि ते कसे वाढले हे दाखवणारा कागद नेमका धनकोच्या कपाटात असतो. म्हणूनच कर्जदाराच्या संरक्षणाचा खरा प्रश्न व्याज किती असावे एवढाच नसून, हिशेब पहिल्या व्यवहारापासून उलगडून पाहण्याचा अधिकार कोणाला, हाही आहे. या प्रश्नाला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत 1879 साली कायद्याने एक स्पष्ट उत्तर दिले. त्या उत्तरामागे शतकानुशतकांचा धर्मशास्त्रीय नियम होता, पेशवाईतील तगाद्याची रीत होती, इंग्रजी दिवाणी न्यायाने केलेली उलथापालथ होती आणि 1875 च्या उन्हाळ्यात जाळले गेलेले कागदांचे ढीग होते.

भारतीय परंपरेत व्याजावरची सर्वांत जुनी मर्यादा दामदुपटीची आहे. दामदुपट म्हणजे एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये, अर्थात शंभर रुपयांच्या कर्जापोटी कितीही वर्षे लोटली तरी एकदम मागता येणारी रक्कम दोनशेच्या वर जाऊ नये, असा नियम. स्मृतिकारांनी ही मर्यादा वस्तुपरत्वे वेगळी धरली होती. याज्ञवल्क्य स्मृतीत सोन्याला दुप्पट, धान्याला तिप्पट आणि वस्त्राला चौपट अशी कमाल वाढ सांगितली आहे. धान्याची वाढ अधिक मान्य करण्यामागे कदाचित सुगीतील आणि पेरणीच्या वेळच्या भावांतील फरकाचा विचार असावा. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याच्या 1827 च्या नियमावलीने व्याजाचा दर सालीना शेकडा 12 वर बांधला; 1855 च्या कायद्याने ते बंधन उठवले आणि उभय पक्षांनी ठरवलेला कोणताही दर न्यायालयात मान्य होऊ लागला. तरीही हिंदू कर्जदारांच्या बाबतीत दामदुपटीचा नियम या इलाख्यातील न्यायालयांनी जिवंत ठेवला. मर्यादा होती, ती न्यायाधीशांना ठाऊक होती आणि कुणब्यालाही ठाऊक होती. असे असूनही ती त्याच्या उपयोगी का पडली नाही, हा या इतिहासातील कळीचा मुद्दा आहे.

त्यासाठी खताची घडण पाहिली पाहिजे. खत किंवा रोखा म्हणजे कर्ज घेतल्याचे लेखी कबुलीपत्र. त्यावर लिहिलेली रक्कम आणि कर्जदाराच्या पदरात पडलेली रक्कम या दोन्ही एकच असत असे नाही. कर्ज देताना मनोती कापली जाई; मनोती म्हणजे कर्ज दिल्याबद्दल सावकाराने आरंभीच वळती करून घेतलेली रक्कम. नाणे वेगळ्या चलनाचे असेल तर बट्टा, म्हणजे नाण्यांच्या किमतीतील फरकाची वजावट, द्यावा लागे. बी-बियाण्यासाठी किंवा पोटासाठी धान्य घेतले तर सुगीला ते सवाईने किंवा दिढीने, म्हणजे सव्वापट किंवा दीडपट, परत करावयाचे असे, आणि तेही काही महिन्यांच्या अवधीत. कुळाने, म्हणजे सावकाराच्या नियमित ऋणकोने, धान्य आणून घातले की त्याचा भाव सावकार ठरवी, आणि ते जमा धरावयाचे की नाही व कोणत्या खात्यावर धरावयाचे हेही तोच ठरवी. लिहिता-वाचता न येणारा शेतकरी खताखाली नांगराची निशाणी करी. त्या निशाणीमागे त्याची संमती होती असे कायदा मानी. परंतु कागदावर काय लिहिले आहे हे त्याला ठाऊक नसे.

वसुलीच्या रीतींचाही एक इतिहास आहे. पेशव्यांचे राज्य खालसा झाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1819 मध्ये जिंकलेल्या प्रदेशाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात तगाद्याचे तपशीलवार वर्णन आहे. कर्जदार बरोबरीचा किंवा कनिष्ठ असेल तर धनको त्याला घरात अडकवून ठेवी, जेवू देत नसे, प्रसंगी उन्हात बसवी. आणि कर्जदार वरच्या दर्जाचा असेल तर आधी विनवण्या करी, मग त्याच्या उंबऱ्यावर आडवे पडे, वाटेत लोळण घेई, दारात आरडाओरडा करी किंवा हे सगळे करण्यासाठी दुसरी माणसे लावी. दारात उपाशी बसून राहणे म्हणजे धरणे, आणि धरणेकऱ्याच्या उपासाचे पाप आपल्या माथी येईल या भीतीने कर्जदार नमत असे. ही रीत इतकी रूढ होती की 1860 च्या भारतीय दंडविधानात, दैवी कोपाची भीती घालून एखाद्याकडून काही करवून घेण्याच्या अपराधाचे उदाहरण म्हणून धरणे बसण्याचाच उल्लेख केला गेला. तगाद्याच्या त्या जगात क्रूरपणा होता, हे नाकारता येत नाही. मात्र त्यात सर्व काही गावाच्या डोळ्यांदेखत घडे, आणि सावकारालाही त्याच गावात राहावयाचे असल्यामुळे कुळाला पुरते बुडवणे त्याला परवडत नसे. राज्यसत्ता सावकाराच्या वसुलीला फारशी मदत करीत नव्हती, ही वस्तुस्थितीच कर्जदाराची मोठी ढाल होती.

इंग्रजी दिवाणी न्यायाने ही ढाल काढून घेतली. रयतवारी पद्धतीत प्रत्येक खातेदाराशी सरकारचा थेट संबंध जोडला गेला, जमीन विकता व गहाण ठेवता येऊ लागली, आणि सारा, म्हणजे जमीनमहसूल, ठरल्या तारखेला रोख भरावा लागू लागला. दिवाणी न्यायालयासमोर खत ठेवले, निशाणी शाबीत झाली आणि प्रतिवादी हजर नसला, की एकतर्फी हुकूमनामा मिळे. समन्स गावापर्यंत पोहोचले की नाही याची फारशी चौकशी होत नसे, आणि पोहोचले तरी तालुक्याच्या ठिकाणी जाऊन वकील देण्याची ऐपत कुणब्याकडे नसे. त्यानंतर बेलिफ जप्ती घेऊन येई, घर आणि जमीन लिलावात जाई आणि देणेकऱ्याला दिवाणी तुरुंगातही टाकता येई. मोजणी-खात्याच्या इतिहासात ज्यांचे नाव मोठे आहे त्या कॅप्टन विंगेट यांनी 1852 मध्येच या न्यायव्यवस्थेमुळे रयत सावकाराच्या मुठीत जात असल्याचा इशारा दिला होता.

त्यात भर पडली ती 1859 च्या मुदतीच्या कायद्याची. मुदतीचा कायदा म्हणजे दावा किती वर्षांच्या आत लावला पाहिजे हे ठरवणारा कायदा. पूर्वी ही मुदत 12 वर्षांची होती, ती साध्या, नोंदणी न केलेल्या खतासाठी तीन वर्षांवर आणली गेली. उद्देश चांगला होता. व्याज वर्षानुवर्षे साठू नये आणि जुनी खते उकरून काढली जाऊ नयेत, असा. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी कुळाला बोलावून नवे खत करून घेऊ लागला आणि साठलेले व्याज त्या नव्या खतात मुद्दल म्हणून लिहिले जाऊ लागले. व्याजाचे असे मुद्दल होणे हीच चक्रवाढ, आणि दामदुपटीला चकवा देण्याची वाटही हीच; कारण उभयपक्षी नवा करार होऊन व्याज मुद्दलात मिळाले की दामदुपटीची मोजणी त्या नव्या मुद्दलावर पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

हे हिशेबाने पाहिले म्हणजे त्याची ताकद ध्यानात येते. समजा, शंभर रुपयांचे खत झाले, दहा रुपये मनोती कापून 90 रुपये हाती आले आणि व्याज दरमहा दरशेकडा दोन रुपये ठरले. तीन वर्षांत 72 रुपये व्याज होऊन नवे खत 172 रुपयांचे झाले. सहा वर्षांनी ते सुमारे 296 रुपयांचे झाले. नऊ वर्षांनी देणे सुमारे 509 रुपयांवर गेले. या संपूर्ण काळात कोणत्याही एका खतावर व्याज मुद्दलापेक्षा जास्त झालेले नाही. पहिल्या खतावर ते 72 होते, दुसऱ्यावर 124 आणि तिसऱ्यावर 296 च्या मुद्दलापोटी 213. शेवटचे खत तेवढे समोर ठेवून पाहणाऱ्या न्यायाधीशाला दामदुपट कोठेही मोडलेली दिसत नाही, आणि 90 रुपये घेतलेला माणूस मात्र पाचशेंहून अधिक रुपयांचा देणेदार ठरतो. नियम अबाधित राहतो आणि माणूस बुडतो. 1875 च्या उठावानंतर नेमलेल्या चौकशी आयोगापुढे आलेल्या एका प्रकरणात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक रुपये व्याज आकारलेले आढळले, त्यामागेही अशीच वर्षानुवर्षांची आकारणी असावी.

ही यंत्रणा काही काळ सुबत्तेखाली झाकली गेली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना भारतीय कापसाची गरज भासली, भाव चढले, आणि सावकारांनी हात सैल सोडून कर्ज दिले. युद्ध संपताच भाव कोसळले. इंदापूर तालुक्यातील तीस वर्षांच्या बंदोबस्ताची मुदत संपून 1867 मध्ये साऱ्याची फेरआकारणी झाली, तेव्हा तो निम्म्याहून अधिक वाढवला गेला, आणि शेजारच्या तालुक्यांतही वाढीचे हेच सत्र सुरू झाले. म्हणजे ज्या वेळी रोख रकमेची गरज सर्वांत जास्त, त्याच वेळी सावकाराने नवे कर्ज आखडते घेऊन जुन्याची वसुली सुरू केली. बैल आणि गाडी सावकाराच्या नावे लिहून देऊन तीच बैलगाडी त्याच्याकडून भाड्याने वापरल्याची भाडेपत्रे या काळात होऊ लागली. स्वतःच्या गोठ्यातील, स्वतःच्या हाताने वैरण घातलेल्या बैलांचे भाडे शेतकरी दरमहा देऊ लागला. कर्जदाराची अवनती किती खोलवर गेली होती हे सांगण्यास या एका कागदाहून अधिक पुरावा लागत नाही.

शिरूर तालुक्यातील करडे गावी 1874 च्या अखेरीस एका सावकाराने दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यावर गावातील एका प्रतिष्ठित घराण्याचे राहते घर मिळवून ते पाडावयास घेतले, आणि गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या दुकानातून माल घेणे बंद झाले, न्हावी, परीट आणि पाणके यांनी त्यांची कामे सोडली. बहिष्कार गावोगाव पसरला, आणि 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातील, आज बारामती तालुक्यात असलेल्या, सुपे येथे आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने सावकारांची दुकाने व घरे फोडली. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत हे लोण गेले, आणि सुमारे साडेनऊशे लोकांना अटक झाली. या उठावाचे वैशिष्ट्य त्याच्या लक्ष्यात आहे. जमावाला हवे होते ते कागद : खते, रोखे, हुकूमनामे आणि वह्या. ज्या सावकारांनी ते काढून दिले त्यांना बऱ्याच ठिकाणी फारसा त्रास झाला नाही. ज्यांनी नकार दिला त्यांची घरे लुटली वा जाळली गेली, परंतु माणसांवरचा गंभीर हिंसाचार विरळाच होता. हिशेब तपासून मागण्याची कोणतीही सनदशीर वाट मोकळी नसलेल्या माणसांनी हिशेबच नाहीसा करण्याची वाट धरली, असा या ज्वालांचा अर्थ आहे, आणि तो अर्थ समजून घेणे हे राज्यकर्त्यांचेही कर्तव्य होते.

सरकारने नेमलेल्या दख्खन दंगा आयोगाचा अहवाल 1878 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. पाहणी केलेल्या भागांतील सुमारे एकतृतीयांश खातेदार कर्जात रुतलेले असून त्यांचे कर्ज सरासरीने त्यांच्या साऱ्याच्या अठरा पट आहे आणि त्यातील जवळजवळ दोनतृतीयांश कर्जाला जमीन तारण आहे, असे आयोगाला आढळले. साऱ्याच्या वाढीला आयोगाने गौण स्थान दिले. पुणे सार्वजनिक सभेने मात्र 1873 पासूनच महसुलाच्या ओझ्याची चौकशी करून ते प्रकाशात आणले होते, आणि सरकारी साऱ्याचा व सावकारी व्याजाचा विचार एकत्रच केला पाहिजे हे तिचे म्हणणे आज अधिक न्याय्य वाटते. कारण सावकाराच्या दारात जाण्याची वेळ पुष्कळदा साऱ्याच्या हप्त्यानेच आणली होती.

या सर्वांतून 1879 चा सतरावा कायदा, म्हणजे डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट, जन्माला आला. त्याचा गाभा हिशेबाविषयीच्या कलमांत आहे. शेतकरी कर्जदाराविरुद्ध दावा आला की न्यायालयाने उभय पक्षांमधील व्यवहाराचा इतिहास आरंभापासून तपासावा, मधल्या काळात झालेली नवी खते आणि मान्य केलेले हिशेब बाजूला ठेवावेत, मुद्दलाचे आणि व्याजाचे खाते वेगवेगळे मांडावे, मुद्दलाच्या खात्यात कर्जदाराला प्रत्यक्ष मिळालेले पैसे व मालच धरावा, व्याजावर व्याज लावू नये आणि दर वाजवी असावा, असा त्यांचा आशय होता. शेवटी व्याजाची बाकी मुद्दलाच्या बाकीपेक्षा जास्त निघाली, तर मुद्दलाच्या बाकीची दुप्पट एवढेच देणे मानावे, असे स्पष्ट शब्दांत लिहून दामदुपटीला तिचा खरा पाया परत दिला गेला. वरील उदाहरण या रीतीने मांडले तर मुद्दल 90 रुपये ठरते, आणि दरमहा दोन रुपयांचा तोच दर कायम धरला तरी नऊ वर्षांनंतरचे कमाल देणे 180 रुपये होते. दर सालीना शेकडा नऊवर आणला तर ते 163 रुपयांच्या आसपास येते. 509 आणि 180 यांमधील 329 रुपये हे त्या शेतकऱ्याने कधीच घेतलेले नव्हते. ते कागदाने निर्माण केले होते, आणि आता कायद्यानेच ते पुसले.

याहून पुढचे पाऊल म्हणजे कर्जदाराला स्वतः वादी होऊन हिशेब मागण्याचा दावा लावण्याची मुभा मिळाली. दावा लागेपर्यंत वाट पाहण्याचे कारण उरले नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद करणे बंद झाले, खास तारण न लिहिलेली जमीन जप्तीतून वगळली गेली, देणे हप्त्यांनी फेडण्याची सवलत मिळाली, आणि दाव्याची मुदत वाढवून तीन वर्षांच्या खत-बदलीचे कारणच काढून टाकले गेले. कन्सिलिएटर, म्हणजे समेट घडवून आणणारे गृहस्थ, नेमले गेले, आणि शेतकऱ्याची खते खेड्यातील रजिस्ट्रारसमोर लिहिली जाऊ लागली. त्याचबरोबर भरणा केल्यावर लेखी पावती, दरवर्षी खात्याचा उतारा आणि मागणी केल्यास पासबुक मिळण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला गेला. आज घरोघरी असलेल्या पासबुकाकडे कोणी हक्क म्हणून पाहत नाही. परंतु स्वतःच्या देण्याची नोंद स्वतःच्या हाती असावी, ही गोष्ट दख्खनच्या कुणब्याला कायद्याने द्यावी लागली होती.

या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या खास न्यायाधीशांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते. 1881 पासून मदतनीस म्हणून आणि 1887 पासून खास न्यायाधीश म्हणून त्यांनी या जिल्ह्यांतून फिरून कनिष्ठ न्यायालयांचे निकाल तपासले. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात शेतीच्या पतपुरवठ्याविषयी लिहिणाऱ्या रानड्यांना कायद्याच्या मर्यादाही दिसत होत्या. जुने कर्ज कमी करणारा कायदा नवे कर्ज कोठून मिळेल हे सांगत नाही. म्हणून काही सावकारांनी कर्ज देणेच आखडले, तर काहींनी गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेण्यास आरंभ केला. व्यवहार खरा विक्रीचा आहे की गहाणाचा, हे कागदापलीकडे जाऊन पाहण्याचा अधिकार न्यायालयांना पुढे दुरुस्तीने द्यावा लागला. पतपुरवठ्याची पोकळी भरण्यासाठी 1883 आणि 1884 चे तगाई, म्हणजे सरकारने शेतकऱ्यांना द्यावयाच्या, कर्जांचे कायदे झाले, आणि 1904 च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांची पायाभरणी झाली. महाराष्ट्रातील सहकाराच्या चळवळीकडे पाहताना, तिची एक मुळी सुप्याच्या बाजारात जळालेल्या खतांपर्यंत पोहोचते, याचे स्मरण ठेवावयास हवे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मुंबईच्या 1946 च्या सावकारी कायद्याने परवाना, पावती, हिशेबाचे उतारे आणि मुद्दलाइतक्या व्याजाची मर्यादा सर्व कर्जदारांना लागू केली, तसेच कर्जदाराचा पाठलाग करणे, त्याच्या घराभोवती घिरट्या घालणे किंवा त्याला धाकदपटशा दाखवणे हा गुन्हा ठरवला. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याने ही तत्त्वे कायम ठेवली. बँकांचे कर्ज मात्र या कायद्यांच्या कक्षेबाहेर राहिले. बँकिंग नियमन कायद्यात 1980 च्या दशकात घातलेल्या कलम 21 अ नुसार, व्याजाचा दर अतिरिक्त आहे या कारणावरून बँक आणि तिचा कर्जदार यांच्यातील व्यवहार न्यायालयाला पुन्हा उघडता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांचे उल्लंघन करून आकारणी झाली असेल तर मात्र ते पाहता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. म्हणजे 1879 साली न्यायाधीशाच्या हाती असलेली किल्ली बँकेच्या कर्जदारापुरती रिझर्व्ह बँकेकडे गेली.

ती किल्ली वापरली गेली तेव्हा जुनेच प्रश्न नव्या शब्दांत समोर आले. रिझर्व्ह बँकेने 1995 मध्ये बँकिंग लोकपालाची योजना सुरू केली, 2008 मध्ये वसुली एजंटांच्या वर्तनाविषयी सूचना दिल्या, किमान शिल्लक न ठेवल्याच्या आकारणीमुळेच बचत खाते उणे होऊ नये असे 2014 मध्ये बजावले, हप्ता चुकल्याचा दंड मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावू नये असे 2023 मध्ये ठरवले, आणि कर्ज देताना दिलेल्या मुख्य तथ्य-पत्रकात न लिहिलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून नंतर घेता येणार नाही असे 2024 मध्ये स्पष्ट केले. यांतील प्रत्येक सूचनेला 1879 च्या कायद्यात किंवा त्याआधीच्या काळात एक पूर्वज सापडतो : दंडाच्या चक्रवाढीला तीन वर्षांच्या खत-बदलीचा, न सांगितलेल्या शुल्काला मनोतीचा, दारात उभ्या राहणाऱ्या एजंटाला धरणेकऱ्याचा.

या सातत्यातून एक निष्कर्ष निघतो. मर्यादा घालणारा नियम कितीही जुना आणि कितीही सर्वमान्य असला, तरी हिशेब मुळापासून पाहण्याची मुभा नसेल तर तो शेवटच्या कागदापाशी अडतो, आणि शेवटचा कागद नेहमी धनकोने लिहिलेला असतो. त्यामुळे हप्ते थकलेला आणि फोनवरच्या तगाद्याने जेरीस आलेला कर्जदार जेव्हा बँकेकडे कर्ज घेतल्या दिवसापासूनचा उतारा मागतो, प्रत्येक शुल्कासमोर त्याचा आधार विचारतो आणि गैरवाजवी आकारणी परत मागतो, तेव्हा तो कोणाच्या कृपेची याचना करीत नसतो. दामदुपट माहीत असूनही बुडालेल्या कुणब्याला जे विचारता आले नव्हते आणि 1879 नंतर प्रथमच विचारता आले, तेच तो विचारीत असतो : प्रत्यक्ष हाती किती आले, आणि बाकीचे कोठून आले.